वास : ठीक

बत्तीस घरांची वसाहत. चार इमारती, मधे बाग आणि बागेमागच्या भिंतीला टेकून जमिनीत पुरलेली सांडपाण्याची टाकी. पाहुणे आले की त्यांना बाग दाखवायची पद्धत होती. टाकी कुणी दाखवत नसे. बाग हिरवी होती ती मात्र टाकीमुळे आणि टाकी चालत होती ती टाकीमामांमुळे.

मामा कुणाचेच सख्खे मामा नव्हते. एकोणीस वर्षांपूर्वी ते इथं कामाला लागले, कुणीतरी तशी हाक मारली आणि ती चिकटली. मग त्यांच्या बायकोला आपोआप मामी व्हावं लागलं, तिला कुणी विचारलंसुद्धा नाही. टाकीला लागूनच दोघांची खोली होती. पुढे खोली, मागे मोरी, खिडकीबाहेर ब्लोअरची घरघर. ब्लोअर म्हणजे टाकीत हवा फुंकणारं यंत्र. नव्या माणसाचं त्या आवाजानं डोकं उठायचं. मामा-मामींना तो आवाज थांबला तर चुकल्यासारखं व्हायचं.

बत्तीस घरांतलं आंघोळीचं, भांड्यांचं आणि ज्याचं नाव चारचौघांत घेत नाहीत ते, असं सगळं पाणी आधी एका जाळीपाशी यायचं. जाळीत जे अडकेल ते मामांनी सकाळी काढायचं. केसांचे पुंजके, पिशव्या, कुणाची फाडलेली पत्रं. एकदा दातांची कवळी आली, वरची. मामांनी ती धुतली, उकळली, रुमालात बांधली आणि तिसऱ्या मजल्यावर हेडमास्तरांना नेऊन दिली. हेडमास्तर म्हणजे वसाहतीचे सेक्रेटरी. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना नऊ वर्षं झाली होती, पण शाळा त्यांच्यातून निवृत्त व्हायला तयार नव्हती.

"माझीच आहे हे कशावरून ओळखलंत?" त्यांनी दार निम्मं लोटून विचारलं होतं.

"दोन दिवस तुम्ही खालच्या नोटीस बोर्डापाशी कुणाला काही बोलला नाहीत, सर."

ही गोष्ट मामांनी मामीलासुद्धा सांगितली नाही. पाइपातून आलेलं तोंडातून जाऊ द्यायचं नाही, एवढा एकच नियम त्यांनी स्वतःला घालून घेतला होता. बत्तीस घरं त्यांच्यासमोर निर्धास्त होती ती त्यामुळे.

जाळीतून पुढे आलेलं पाणी एका मोठ्या हौदातून जायचं हवेच्या टाकीत. ती वीस हजार लिटरची, आणि या सगळ्या कारखान्याचा जीव तिथं होता. म्हणजे अक्षरशः जीव. डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जंतू त्या तपकिरी पाण्यात घाण खाऊन राहायचे. त्यांना चोवीस तास हवा लागायची, रोजचं खाणं लागायचं आणि कुणी विष घालू नये एवढी अपेक्षा असायची. पुढच्या टाकीत ते गाळ होऊन तळाला बसायचे आणि वरचं नितळ पाणी वाळूतून गाळून बागेला आणि संडासांच्या फ्लशला परत जायचं. बसलेला गाळ पुन्हा हवेच्या टाकीत सोडायचा, पुढच्या पाण्याच्या कामाला. मामी त्याला विरजण म्हणायची. "तुमचं विरजण आज बरं आहे ना?" असं ती सकाळी विचारायची, घरातल्या म्हाताऱ्या माणसाची तब्येत विचारावी तसं.

ते बरं आहे की नाही हे बघायची रीत सोपी होती. रोज सकाळी सात वाजता मामा हवेच्या टाकीतलं लिटरभर पाणी काचेच्या उंच नळकांड्यात भरत आणि ते खिडकीत ठेवत. मग अर्धा तास हात लावायचा नाही. गाळ हळूहळू खाली बसतो, वर स्वच्छ पाणी राहतं आणि दोघांमधे रेघ दिसते. ती रेघ किती आकड्यावर थांबली ते रजिस्टरमध्ये लिहायचं. तीनशेच्या आसपास थांबली की तब्येत उत्तम. नळकांड्यावरचे आकडे कधीच पुसून गेले होते, मामीनं ते नेलपॉलिशनं पुन्हा काढले होते. लाल. मामीच्या नखांवर कधी नेलपॉलिश दिसलं नव्हतं, पण नळकांडं नटलं होतं.

त्या अर्ध्या तासात दोघं चहा घेत. लग्नानंतरच्या सगळ्या वर्षांत त्यांना एकमेकांसाठी ठरवून मिळालेला वेळ एवढाच, आणि तोही गाळाच्या कृपेनं.

मामी आठ महिने अंथरुणाला खिळली आणि चार महिन्यांपूर्वी गेली. मामा दुसऱ्या दिवशी सकाळी सातला टाकीवर होते. वसाहतीत लोक म्हणाले, "धीराचा माणूस." परगावी राहणारी मुलगी आली, आठवडाभर रडली आणि बाप रडत नाही म्हणून आणखी रडली. मामा तिच्याकडे बघत बसले. रडायला त्यांची काही हरकत नव्हती. ते येत नव्हतं, एवढंच.

आणखी एक गोष्ट येईनाशी झाली होती. तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेगडीवर दूध उतू जाऊन करपलं. बागेतून कुणीतरी धावत आलं, "मामा, काय जळतंय?" मामा शेगडीपासून दोन हातांवर बसले होते. त्यांना काहीच कळलं नव्हतं. मग त्यांनी साबण नाकाशी धरून पाहिला, रॉकेलची बाटली उघडून पाहिली, शेवटी टाकीचं झाकण उघडून वाकले. काही नाही. आरसा हुंगल्यासारखं.

आता, टाकीवाल्याला नाक नसणं म्हणजे गवयाला कान नसण्यातला प्रकार. रजिस्टरमध्ये चार रकाने होते. रंग, फेस, रेघ, वास. निरोगी टाकीला ओल्या मातीचा वास येतो आणि ती आजारी पडली की सडक्या अंड्यांचा. डोळ्यांना दिसायच्या आधी नाकाला कळतं. मामांनी चौथ्या रकान्यात "ठीक" लिहिलं. दुसऱ्या दिवशीही लिहिलं. खोटं लिहावं असं त्यांनी ठरवलं नव्हतं. हात एकोणीस वर्षं तेच लिहीत होता, त्यानं पुढे चालू ठेवलं.

मुलगी रोज फोन करायची. "बाबा, जेवलात का?"

"हो."

"काय जेवलात?"

इथं मामा अडखळायचे, कारण नाक गेल्यापासून सगळ्याची चव कागदासारखी झाली होती आणि कोणता कागद खाल्ला ते आठवायचं नाही.

"आईचं सामान अजून तसंच आहे ना? ती औषधं, ते कॅन, सगळं टाका बघू. रोज डोळ्यांसमोर कशाला?"

"टाकतो."

एका गुरुवारी दुपारी मामांनी ते टाकलं. मोकळा वेळ होता म्हणून. खणभर गोळ्या, सिरपच्या अर्धवट बाटल्या आणि मामीच्या चादरी, भांडी, फरशी निर्जंतुक करायला आणलेल्या ब्लीचचे निळे कॅन. पाच-पाच लिटरचे तीन, एकाचंही सील उघडलेलं नव्हतं. मुलीनं एकदम आणून ठेवले होते, मामी तेवढी थांबली नाही. मामांनी सगळं एकेक करून मोरीत ओतलं. मग कॅन तीन-तीनदा विसळले, दाराबाहेर उपडे घातले आणि ब्लोअरला तेल द्यायला गेले. कामासारखं काम केलं.

रविवारी फेस पांढरा आला. सोमवारी टाकीचा तपकिरी रंग राखाडी झाला. मंगळवारी सकाळी नळकांड्यात रेघच पडली नाही. अर्धा तास झाला, तासही झाला, पाणी तळापासून वरपर्यंत गढूळच. मामांनी तिसऱ्या रकान्यात "रेघ नाही" लिहिलं आणि चौथ्यात "ठीक".

बुधवारी वसाहतीनं नाकाला रुमाल लावला. फ्लश ओढला की सडका भपकारा यायचा. बागेत पाणी घातलं आणि बाकांवरचे म्हातारे पाच मिनिटांत पांगले. हेडमास्तर रजिस्टर तपासायला खाली आले. पानं उलटली, चष्मा कपाळावर सारला.

"मामा, अख्खी वसाहत नाक मुठीत धरून बसलीय आणि तुमच्या वहीत वास ठीक?"

हेडमास्तरांनीच उत्तर शोधलं. त्यांना शाळेपासूनची सवय होती, विद्यार्थी गप्प राहिला की उत्तर स्वतः देऊन टाकायचे.

"असू दे. तुमच्या घरात जे झालंय, त्यात एवढं व्हायचंच. मला सांगा, टाकी अशी एका आठवड्यात कशानं मरते?"

"विषानं. ब्लीच, ॲसिड, असलं काही."

"ब्लीच," हेडमास्तर म्हणाले आणि त्यांची मान आपोआप दुसऱ्या इमारतीच्या तळमजल्याकडे वळली.

तिथं लॉन्ड्री होती. दोन मशीन, एक इस्त्री आणि एक नवरा, पैकी मशीन दोन्ही चालायची. सगळा कारभार लॉन्ड्रीवाली एकटी ओढायची. वर्षभरापूर्वी तिला एका दवाखान्याचं काम मिळालं होतं. पांढरे कोट, पांढऱ्या चादरी. पांढऱ्याला ब्लीच लागतं, हे हेडमास्तरांना घरच्या धोतरांवरून माहीत होतं.

"लिहा," ते म्हणाले. मामांनी पेन घेतलं. "तपासणीअंती असे आढळते की टाकी निकामी होण्यास लॉन्ड्रीतून सोडले जाणारे ब्लीच कारणीभूत आहे. करा सही."

मामांनी सही केली. अक्षर नेहमीसारखं सुरेख आलं. सही करताना त्यांच्या मनात काय होतं असं कुणी विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं. काही नव्हतं. समोर पान आलं, सही केली.

गुरुवारी वसाहतीनं त्या सहीवर ठराव केला आणि शुक्रवारी गवंड्यानं येऊन लॉन्ड्रीच्या पाइपाचं तोंड विटा आणि सिमेंटनं बुजवलं. लॉन्ड्रीवालीनं दारात उभं राहून ते पाहिलं. भांडली नाही. गवंड्याला फक्त म्हणाली, "दादा, नीट बसवा हं. पुन्हा उघडायला सोपं जायला नको."

शनिवारी सकाळी ती मामांच्या दाराशी आली. मामा खिडकीतल्या गढूळ नळकांड्यासमोर चहा घेऊन बसले होते.

"मामा, भांडायला नाही आले."

"बस."

"बसायला वेळ कुठाय? दवाखान्याच्या चाळीस चादरी पडल्यात. सोमवारी दिल्या नाहीत तर काम दुसरीकडे जाईल, आणि ते गेलं की मशीनं विकायची आणि नवऱ्याला इस्त्री करून घडी घालून ठेवायचा." ती चौकटीला टेकली. "एक विचारू? चार वर्षांपूर्वी तुम्हीच मला सांगितलं होतं ना, एका घाण्याला दोनच झाकणं ब्लीच आणि ते पाणी दोन दिवस उघड्या पिंपात ठेवून मगच सोडायचं?"

"हो."

"मी एक दिवस चुकले नाही. पिंप बघायचं तर या बघायला. तुम्हाला वाटलं असेल चुकले, म्हणून लिहिलं असेल. तुमचं काम तुम्हाला ठाऊक."

मामांनी चहाचा कप खिडकीत ठेवला.

"ते जाऊ दे. मी ज्यासाठी आले ते वेगळंच," ती म्हणाली. "पाणी सोडायला जागा नाही, तर धुतल्यावर ते उचलून नेऊन टाकावं लागणार. तुमच्या दाराबाहेर ते निळे कॅन उपडे दिसतायत. रिकामेच असतील तर देता का?"

मामा उठले. बाहेर जाऊन त्यांनी तिन्ही कॅन उचलले. एक तिच्या हातात दिला. दुसरा देताना त्यावर चिकटवलेला कागद समोर आला आणि त्यांनी तो वाचला, कुठलाही छापील कागद हातात आला की माणूस वाचतो तसा. बारीक अक्षरांत लिहिलं होतं: पाण्यात पातळ करून वापरावे. एकदम मोरीत ओतू नये.

मोरी. वसाहतीतल्या सगळ्या मोऱ्या आधी जाळीपाशी जात, मोठ्या हौदात मिसळत आणि मग थोड्या-थोड्या टाकीत येत. एक मोरी सोडून. मामांची खोली टाकी झाल्यावर बांधली होती आणि तिचा पाइप घाईत थेट हवेच्या टाकीत जोडला होता. हे वसाहतीत एकाच माणसाला माहीत होतं.

"मामा, तिसरा?"

मामांनी तिसरा दिला. ती तिन्ही कॅन दोन हातांत लोंबकळवत गेली. तिच्या पाठीकडे बघताना मामांना वाटलं, आता आपल्याला काहीतरी वाटायला हवं. त्यांनी जरा वाट पाहिली. मग चहाचा कप विसळला, रजिस्टर काखेत मारलं आणि ते तिसऱ्या मजल्यावर गेले.

हेडमास्तर दाढी करत होते. अर्धा चेहरा फेसात.

"सर, टाकी मी मारली."

"काय?"

"बायकोची औषधं आणि पंधरा लिटर ब्लीच. गेल्या आठवड्यात, गुरुवारी. माझ्या मोरीतून थेट टाकीत जातं."

हेडमास्तरांनी वस्तरा खाली ठेवला. उघडं दार लोटून घेतलं. मग आवाज उतरवून म्हणाले, "हे बघा, मामा. तुमच्यावर काय प्रसंग गुदरलाय ते सगळ्यांना माहीत आहे. मुद्दाम थोडंच केलंत? पण आता ठराव झालाय, सिमेंट वाळलंय. आणि लॉन्ड्रीचा काहीतरी बंदोबस्त एरवीही करायचाच होता, पाणी किती जातं तिचं. तुम्ही बोलू नका, मी बोलत नाही. तुम्हाला गप्प राहायची सवय आहे," आणि इथं त्यांचा हात नकळत वरच्या दातांकडे गेला, "हे मला माहीत आहे."

"आहे," मामा म्हणाले. "पण ते दुसऱ्यांच्या पाइपांसाठी. हा माझा आहे."

"अहो, पण ठराव..."

"ठराव माझ्या सहीवर झाला. सही परत घेतो." त्यांनी रजिस्टर उघडून दाखवलं. बुधवारच्या त्या नोंदीखाली, जिना चढताना कठड्यावर वही टेकवून लिहिलेल्या दोन ओळी होत्या. "वरील नोंद चुकीची. टाकी माझ्या हातून गेली." खाली सही, जिन्यामुळे जरा वाकडी.

"आणि आणखी एक, सर. मला चार महिने वास येत नाही. कसलाच. रकान्यातलं सगळं ठीक खोटं आहे."

हेडमास्तरांच्या गालावरचा फेस वाळायला लागला होता. "मग रोज लिहीत कसे होतात?"

"सवयीनं."

मामा खाली आले, खोलीतून छिन्नी-हातोडा घेतला आणि दुसऱ्या इमारतीच्या तळमजल्याशी उकिडवे बसले. शनिवारची सकाळ, त्यामुळे बघायला भरपूर माणसं होती. हेडमास्तर फेस पुसत गॅलरीत येऊन उभे राहिले. त्यांनी हरकत घेतली नाही, मान्यताही दिली नाही. परीक्षेत पर्यवेक्षक उभा राहतो तसे उभे राहिले. एक दिवसाचं सिमेंट पाऊण तासात निघालं. लॉन्ड्रीवाली आतून सुपली घेऊन आली आणि निघालेले तुकडे भरू लागली.

"कारण तरी सांगा, मामा."

मामांनी सांगितलं. तिनं ऐकलं, हातातली सुपली रिकामी केली, पुन्हा आणली.

"म्हणजे मी तुमच्याकडे मागायला आले ते कॅन..."

"हो."

"आणि तुम्ही देऊनही टाकलेत." तिला हसू आलं, मग राग आला आणि नेमकं काय करायचं ते न सुचून ती म्हणाली, "चादरी भिजवते."

त्याच संध्याकाळी मीटिंग झाली. लोक चिडलेले होते आणि चिडायला त्यांना कारणही होतं. मामांना काढून टाकावं असा विषय निघाला. मग उद्यापासून सकाळी जाळी कोण साफ करणार असाही विषय निघाला आणि पहिला विषय तिथंच मागे पडला. हेडमास्तरांनी तोडगा काढला. मामा राहतील, पण त्यांचं नाक परत येईपर्यंत रोज सकाळी साडेसातला एका घरातल्या एका माणसानं टाकीवर जाऊन वास घ्यायचा आणि चौथ्या रकान्यात आपल्या हातानं लिहून सही करायची. पाळ्यांचा तक्ता नोटीस बोर्डावर लागला. पहिलं नाव त्यांचं स्वतःचं, शेवटचं लॉन्ड्रीचं.

टाकीत नवं विरजण घालावं लागणार होतं. शहराच्या दुसऱ्या टोकाला अशीच टाकी सांभाळणारा एक जण मामांच्या ओळखीचा होता, तो तळाचा दाट गाळ द्यायला तयार झाला. न्यायचा कशातून हा प्रश्न होता. लॉन्ड्रीवालीनं पिंपं दिली आणि कपडे पोचवायचा टेम्पोही दिला. "निळे कॅनही देऊ का?" तिनं निर्विकार चेहऱ्यानं विचारलं. "ते नकोत," मामा तितक्याच निर्विकारपणे म्हणाले. तीन दिवस रोज दोन खेपा झाल्या. राखाडी पाणी उपसून टाकलं, गाळ सोडला, ब्लोअर पूर्ण वेगानं लावला. मग वाट बघायची. जंतूंना घाई करता येत नाही.

पाळ्या सुरू झाल्या. हेडमास्तर पहिल्या दिवशी रुमाल घेऊन आले, वाकले, ताठ झाले आणि रकान्यात लिहिलं, "अत्यंत आक्षेपार्ह". दुसऱ्या इमारतीतल्या एका बाईंनी दारापासूनच "घाण" असं ओरडून सांगितलं आणि सही नवऱ्याला करायला लावली. दहाव्या दिवशी कुणीतरी लिहिलं, "कालच्यापेक्षा कमी". पंधराव्या दिवशी नळकांड्यात रेघ पडली, सातशेवर, धुरकट, पण रेघ. मामांनी तिसरा रकाना भरला. पेन थांबलं नाही, काही नाही. मुलीचा फोन आला तेव्हा त्यांनी तिला सांगितलं की रेघ पडली. ती म्हणाली, "बाबा, जेवलात का?"

बत्तिसावा दिवस लॉन्ड्रीचा होता. नवऱ्याला पाठवलं असतं तरी चाललं असतं, पण ती स्वतः आली, ओले हात पदराला पुसत. नळकांडं खिडकीत होतं. अर्धा तास संपायला पाच मिनिटं बाकी होती.

"थांब, हलवू नको," मामा म्हणाले.

ती उंबऱ्यावर बसली. गाळ खाली उतरत होता, वरचं पाणी इतकं स्वच्छ की पलीकडची बाग त्यातून दिसत होती, थोडी वाकडी. रेघ लाल तीनशेच्या जरा खाली थांबली. मामीनं तीनचा आकडा काढताना ब्रश निसटला होता, त्यामुळे त्या तीनला शेपूट होतं.

लॉन्ड्रीवालीनं टाकीचं झाकण उचललं आणि वाकून वास घेतला. नाक न मुरडता, कपडा वाळला की नाही ते बघावं तसा.

"कसा आहे?"

"मातीसारखा. कुंडीला पाणी घातल्यावर येतो ना, तसा." तिनं बाजूला होऊन त्यांना जागा दिली. "बघा."

मामा वाकले. बराच वेळ वाकून राहिले. ब्लोअर घरघरत होता, तपकिरी पाणी बुडबुड्यांनी उकळल्यासारखं हलत होतं.

"येतोय?"

"नाही."

"येईल," ती म्हणाली, आणि मग स्वतःच, "किंवा नाही येणार. मी रोज जाताना डोकावत जाईन. मला तेवढा वेळ आहे."

तिनं चौथ्या रकान्यात "ठीक" लिहिलं, खाली सही केली आणि ती मशीन लावायला गेली. मामांनी नळकांडं रिकामं केलं, धुतलं, उपडं घातलं. चहा तसाच राहिला होता. तो त्यांनी उभ्यानंच प्यायला. अजून गरम होता.